पाय माझे, शाबासकी तिला

हल्ली पेपरात एक जाहिरात येते. मूळ पेशी मणक्यात सोडायच्या, वरून व्यायाम द्यायचा, आणि कंबर मोडलेला माणूस चालायला लागतो, असं तीत लिहिलेलं असतं. खाली एका तरण्या पोराचा फोटो, दोन्ही पायांवर उभा, हसतोय. खरं किती, खोटं किती, देव जाणे. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, अजून भरवसा धरावा असं त्यात काही नाही. तरी त्या पोराला बघितलं की माझ्या पोटात दुखतं. मी पेपर उलटा करून ठेवते. माझ्या वेळी पेशीबिशी काही नव्हतं. माझ्या वेळी माझी धाकटी जाऊ होती, तिचे दोन हात होते, आणि ते हात रोज माझ्या पायांना लागायचे.

जळायची सवय मला आधीपासूनची. जावा जावा, उभा दावा, म्हणतात. आमच्या घरात दावा एकाच बाजूनं होता. ती कधी भांडलीच नाही. समोरची भांडत नसली की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो आणि माणूस जास्तच बेजार होतं.

आमचं गाव मानवतच्या अलीकडं, काळ्या रानाचं. मी थोरली. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं आल्या दिवसापासून चूल, गुरं, रान सगळं माझ्या अंगावर. तीन वर्षांनी धाकट्या दिराची बायको होऊन ही आली. काळी, बारकी, बोलायला एक शब्द नाही. मी म्हटलं, चला, हाताखाली एक माणूस झालं. पण आठ-पंधरा दिवसांतच बाया दारात यायला लागल्या, आणि त्या मला विचारत नव्हत्या. "पायाळू सून कुठंय?" असं विचारत होत्या.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेलं माणूस. कुणाच्या कंबरेत उसण भरली की अशा माणसाची लाथ लागली पाहिजे, मग उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. ती काही जोरात मारायची नाही. माणूस पालथं झोपायचं, ही खाली मान घालून डावा पाय तीनदा कंबरेला टेकवायची आणि घरात पळायची. आलेली माणसं नारळ ठेवायची. पोखर्णीपासून माणसं आली एकदा. एक म्हातारी तर जाताना तिच्या पाया पडली. मी तिथंच शेणाची पाटी घेऊन उभी. घराचा सगळा भार मी ओढत होते, आणि पाया पडायचं त्या बारकीच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी तिला दुपारपर्यंत भाकर दिली नाही. तिनं मागितलीही नाही.

माझं एक काम मात्र कुणाला जमायचं नाही. कापूस तुडवायचं. गाडीला चारी बाजूंनी खुंट ठोकून त्यांना गोणपाटाचं पाल बांधायचं, त्यात वेचलेला कापूस ओतायचा आणि एका माणसानं आत उतरून तो पायांनी दाबत राहायचं. कापूस वर येत जातो, तसं तुडवणारंही वर येतं. शेवटी माणूस बैलांच्या शिंगांच्या वर, छपराएवढ्या उंचीवर उभं असतं. मी तुडवलेल्या गाडीत इतरांपेक्षा दोन गाठोडी जास्त बसायची. गावातली गडीमाणसं म्हणायची, पाय हायेत का मुसळ. मला लय बरं वाटायचं.

त्या साली कापूस बरा होता. मानवतला गाडी न्यायची म्हणून आम्ही दोघी सकाळीच रानात. ती खालून गाठोडी देत होती, मी वर. मालक, म्हणजे माझे घरधनी, बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेले होते. माझी पोरगी दीड वर्षाची, बांधावर बोरीखाली झोळीत झोपलेली. मी शेवटचं गाठोडं दाबत होते आणि मागचा खुंट मोडला. पाल सुटलं. मी कापसासकट मागं गेले आणि खाली चाक सरकू नये म्हणून मागं लावलेला दगड होता, त्यावर कंबर आपटली.

दुखलं नाही फारसं. आधी एक झटका बसला, मग कंबरेखाली मुंग्या, मग काहीच नाही. ती धावत आली. मी म्हटलं, "उसण भरली. मार लाथ."

ती म्हणाली, "अक्का, ही उसण न्हाई वाटायली मला. नगं. मी दादांना बोलवते."

मी ओरडले तिच्यावर. गावाला लाथा मारत फिरतीस आणि घरच्याला नाही म्हणतीस का, असं म्हटलं. अजून बरंच काही म्हटलं, ते लिहीत नाही. ती रडायला लागली. मग मला हातानं जरासं कुशीवर करून तिनं डावा पाय माझ्या पाठीला टेकवला. टेकवला म्हणजे नुसता लावला. मला तो लागलेलाही कळला नाही. तेवढ्यात मालक आणि शेजारच्या रानातल्या दोघी बाया पळत आल्या. त्यांना काय दिसलं? मी खाली पडलेली आणि हिचा पाय माझ्या कंबरेवर.

मग सगळ्यांनी मिळून मला काखेत धरून उभं केलं. उभी राहीना, तर बसवलं. अर्धा कापूस काढून टाकला आणि उरलेल्या कापसावर मला बसती करून परभणीला नेलं, रस्त्याचे हिसके खात. तिथून औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि मालकांना म्हणाले, मणका मोडून आतल्या दोरीवर दाब आलाय. असं माणूस फळीवर आडवं टाकून आणायचं असतं, बसवून नाही. मालकांनी भीत भीत लाथेचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाय टेकवण्यानं काही होत नाही, हे पडण्यानं झालं आणि बसवून आणल्यानं वाढलं. मी खाटेवर पडून सगळं ऐकत होते.

दीड महिन्यानं व्यायामाच्या बाई यायला लागल्या. मुंबईकडच्या असाव्यात, बोलणं नीट, नखं कापलेली. त्या म्हणाल्या, पाय तुमचं ऐकत नसले तरी त्यांना रोज हलवायचं, नाहीतर सांधे आखडून लाकूड होईल. घोटा वर-खाली, गुडघा छातीपर्यंत, मांडी बाजूला, सगळं सावकाश, प्रत्येक वीस वेळा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे घरी कोण करणार? मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. रान सोडून ते कुठं बसणार. मग त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं.

ती आली माझ्या पोरीला काखेत मारून. पोरगी माझ्याकडं यायला भ्यायली. दोन महिन्यांत विसरली होती मला. काकूच्या मानेत तोंड घालून रडायला लागली. मी हात पुढं केलेले तसेच राहिले.

जावेनं तीन दिवसांत सगळं शिकून घेतलं. बाईंनी एकदा दाखवलं की हिच्या हातात बसलं. बाई मला म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंचे हात फार चांगले आहेत. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांनासुद्धा इतकं लवकर येत नाही." ती लाजली. मी तोंड भिंतीकडं फिरवलं. पाय माझे, दुखणं माझं, आणि शाबासकी तिला.

घरी आल्यावर तेच रोज. सकाळी गुरांचं आवरून ती यायची, बाजेच्या पायथ्याशी बसायची, माझी टाच तळहातात धरायची आणि मोजायला लागायची. तिचं मोजणंसुद्धा मला सोसायचं नाही. तिच्या पायातली जोडवी वाजायची. माझी दवाखान्यातच काढली होती, बोटं सुजली म्हणून. ती आली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि कान उघडे ठेवायचे, काय चुकतंय का बघायला. चुकलं की बोलायचे. क्वचितच चुकायचं.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून जाळपोळ सुरू झाली, एसटी बंद पडल्या, आणि औरंगाबादची माझी तारीख हुकली. शेजारच्या गावात लोकांची घरं जळाली होती, आणि मी बाजेवर पडून माझ्या तारखेसाठी चिडत होते. आता लाज वाटते. तेव्हा मला माझे पाय सोडून जगात काही दिसत नव्हतं. पुढची तारीख मिळेपर्यंतच्या दोन महिन्यांत जावेनं स्वतःच्या डोक्यानं रेतीच्या पिशव्या शिवल्या, हातांना बळ यावं म्हणून मला त्या उचलायला लावल्या. पुढं बाईंनी बघितलं तर म्हणाल्या, हेच करायचं होतं. घ्या, अजून शाबासकी.

आणि पोरगी. ती बोलायला तिच्या मांडीवर शिकली. ताट तिच्याजवळ, अंघोळ तिच्याजवळ, पडली की धावणार तिच्याकडं. जावेला स्वतःचं मूल नव्हतं. पोरगी तिला एकदा माय म्हणाली, तर तिनं लगेच उचलून माझ्या बाजेवर आणून बसवलं आणि म्हणाली, "ही माय. मी काकू." पोरगी दोन घटका बसली आणि उतरून तिच्याच मागं गेली. दुसऱ्या कुणी चोरून नेलं असतं तर मी शिव्या तरी दिल्या असत्या. ही तर रोज आणून देत होती, आणि पोरगीच राहत नव्हती.

एवढ्यात गावात एक बोलणं पसरलं. रानातल्या त्या दोघी बायांनी जे बघितलं तेच सांगितलं, की पायाळूनं थोरलीच्या कंबरेत लाथ घातली. तिखटमीठ लागत गेलं. जावा आहेत, दावा असेलच. मालक एकदोनदा डॉक्टरांचं सांगायला गेले, पण त्यांचं बोलणं तीन शब्दांचं, कोण ऐकणार. हळूहळू दारात उसण घेऊन येणारी माणसं बंद झाली. बाया पाणवठ्यावर हिला बघून पदर आवरायच्या. लाथ मागितली कुणी, हे आम्हा दोघी जावांनाच माहीत होतं. ती कुणाला बोलली नाही. मला कुणी विचारलं की मी नुसता उसासा टाकायचे. तोंडात मूग धरून बसणं म्हणतात ते. खरं सांगते, मला त्यात गोडी वाटत होती. आता तुझ्याही पायांना कुणी विचारत नाही, असं मनात म्हणायचे, आणि सकाळी तेच पाय खाली मुडपून ती माझ्या टाचा धरून बसलेली असायची.

अशी पाच वर्षं गेली. डाव्या मांडीत जरा जान आली, उजवी बाजू गेली ती गेलीच. औरंगाबादहून लोखंडी पट्ट्या आणि कातडी पट्टे लावलेले बूट आले, मांडीपर्यंतचे. मालकांनी अंगणात दोन बांबू कंबरेएवढ्या उंचीवर आडवे बांधले. त्यांना धरून मी उभी राहायचे. गुडघ्याजवळ लोखंडाची कडी असते, ती खाली सरकवली की पाय ताठ राहतो. माझे दोन्ही हात बांबूवर, म्हणून ती कडी जावेनंच लावायची. गुडघे टेकून माझ्या पुढ्यात बसायची, कडी लावायची आणि मी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी माझे गुडघे दाबून धरायची.

पोरगी तेव्हा साडेसहा वर्षांची, शाळेत जायला लागलेली. एक दिवस दुपारी शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच माझ्या बाजेजवळ उभी राहिली. जाऊ रानात गेली होती.

"माय, तुझी कंबर काकूनं लाथ मारून मोडली व्हय? पोरी म्हणायल्यात शाळेत."

तिचे डोळे भरलेले. पाच वर्षांत पहिल्यांदा ती तक्रार घेऊन माझ्याकडं आली होती, तिच्याकडं गेली नव्हती. मला ते आधी दिसलं, प्रश्न नंतर. नाही म्हणायला एकच शब्द लागत होता, आणि हो म्हणायलाही एकच.

मी "हो" म्हटलं.

ती दप्तरासकट बाजेवर चढली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला धरलं. तिच्या केसांना घाम आणि खडूचा वास येत होता. मला रडायला आलं, पण ते रडणं सुखाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर पोरगी काकूच्या हातचं खाईना. ताट उचलून माझ्या बाजेवर यायची, माझ्यासोबत जेवायची. वेणी मीच घालायची. पाढे मला म्हणून दाखवायची. काकूनं हाक मारली की मान फिरवायची. जावेनं एकदा विचारलं, "काय झालं ग बाळा?" पोरगी मला आणखीच टेकून बसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी पोरीच्या केसांतला गुंता काढत राहिले. तिला कळलं असणार. ती उठली आणि भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आली, टाच हातात घेतली आणि मोजायला लागली. आवाज नुसता बारीक झाला होता.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी अंगणात बांबूंमध्ये उभी होते. डाव्या पायाची कडी लागली होती, उजव्याची लागत नव्हती, गंजली असावी. जाऊ माझ्या पुढ्यात गुडघ्यांवर बसलेली, एका हातानं कडीशी झटत होती, दुसऱ्यानं गुडघा दाबून धरला होता. पोरगी फाटकातून आली आणि तिनं हे बघितलं. दप्तर टाकून पळत आली आणि काकूच्या पाठीत दोन्ही मुठींनी गुद्दे घालायला लागली.

"सोड तिला. तू हात लावू नको. पुन्हा मोडशील तू. सोड."

जावेनं हात सोडला नाही. सोडला असता तर मी तोंडावर पडले असते. तिची मान पुढं वाकली, पोरीचे गुद्दे तिच्या मानेवर, कानावर बसत होते. ती शांतपणे म्हणाली, "थांब बाळा. माय पडंल. आधी तिला बसवू दे, मग हाण मला."

पोरगी थांबली नाही. मी वरून बघत होते. माझे हात बांबूंना धरलेले, पोरीला आवरायला एकही मोकळा नाही. जावेचे हात माझ्या गुडघ्यांवर, स्वतःला वाचवायला एकही मोकळा नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. माझा स्वभावच तसा, कुणी मागितलं की मी देत नाही.

मी म्हटलं, "हाणू नको तिला. मीच म्हटलं होतं लाथ मार म्हणून. ती नको म्हणत होती. रडत होती. मी तिला शिव्या दिल्या म्हणून तिनं पाय लावला, आणि त्यानं काही झालं नाही. मी पडून मोडले."

पोरीचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. सहा वर्षांचं लेकरू, पण नजर मोठ्या माणसाची झाली.

"मग तू हो का म्हणलीस?"

मला उत्तर माहीत होतं. जाऊ तेवढ्यात म्हणाली, "अक्का, बसा आता, लय वेळ झाला उभं ऱ्हाऊन." तिनं मला मागं खुर्चीवर टेकवलं, कड्या काढल्या, पट्टे सोडले आणि पट्ट्यांचे लाल वळ उठले होते तिथं अंगठ्यानं चोळायला लागली. पोरगी तिच्या पाठीमागं गेली आणि गुद्दे घातले होते त्याच पाठीवर तोंड ठेवून हुंदके द्यायला लागली. जावेनं एक हात मागं नेऊन तिला धरलं, आणि दुसऱ्या हातानं माझी मांडी चोळत राहिली.

खरं आता गावात पोरीनंच सांगितलं, पाणवठ्यावर, सगळ्या बायांत. महिनाभरात एक बाई उसण घेऊन दारात आली. जाऊ म्हणाली, मी सोडलं ते. त्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली.

पोरगी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग बोलायला लागली, जेवढ्यास तेवढं. मोठी झाली, शिकली, लग्न झालं. माझं सगळं करते, औषधपाणी, खुर्ची, काही कमी पडू देत नाही. पण आजही फाटकातून आत आली की आधी "काकू" अशी हाक मारते. जाऊ आतून ओ देते आणि म्हणते, "आधी मायला भेट." मग ती मला भेटते.

लोक मला विचारतात, खरं बोलल्यावर मन हलकं झालं असेल. झालं नाही. मी बरोबर केलं, एवढं मला समजतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन. पण जळणं काही गेलं नाही. आयुष्यात आठच दिवस पोरगी माझी होती, खोटं बोलून मिळालेले, आणि तेवढे आठ दिवस मी कुणावर जळले नाही.